बोलणे कालचे, ऐकणे आजचे

लाखनीत रेडिओ लावला की कानावर पडणारे बहुतेक बोलणे बाहेरगावचे असते. सकाळी सात वाजून पाच मिनिटांच्या प्रादेशिक बातम्या पुण्याहून येतात. शेतीचा सल्ला ऐंशीएक किलोमीटरवरच्या नागपूरहून येतो, विविध भारतीवरच्या डॉक्टरांशी गप्पा मुंबईच्या स्टुडिओतून. महिन्याच्या शेवटच्या रविवारी अकरा वाजता दिल्लीहून ‘मन की बात’ लागते, तिचा मराठी अनुवाद हिंदी संपल्या संपल्या येतो आणि रात्री आठला पुन्हा ऐकवला जातो. यातले काही बोलणे तोंडातून निघाले त्याच क्षणी वैनगंगा ओलांडून आलेले असते, काही तासाभराचे शिळे असते, तर काही बऱ्याच दिवसांपूर्वी मुद्रित करून ठेवलेले असते. ऐकणाऱ्याला तिन्ही सारखीच वाटतात. वर्तमानपत्राच्या माथ्यावर तारीख असते, आवाजावर ती नसते. एका ठिकाणी तयार झालेला बोलका कार्यक्रम इतर केंद्रांनी येईल तसा द्यावा, की मुद्रित करून आपल्या सोयीच्या वेळी लावावा, हा रेडिओच्या धंद्यातला जुना प्रश्न आहे. त्याचा निकाल आजवर अभियंते, कार्यक्रम अधिकारी आणि जाहिरातदार यांनी आपापसांत लावला. श्रोता त्या बैठकीला कधी नव्हता.

आधी प्रकार नीट वेगळे करू. दुसऱ्या केंद्राचा कार्यक्रम चालू असतानाच आपल्या प्रक्षेपकावरून देणे याला आकाशवाणीत सहक्षेपण म्हणतात. एकदा लागलेला कार्यक्रम नंतर पुन्हा लावणे हे पुनःप्रसारण. तिसरा प्रकार असा, की कार्यक्रम मुळातच मुद्रित केलेला असतो आणि प्रत्येक केंद्र तो आपापल्या वेळी पहिल्यांदा वाजवते. आणि चौथा, अगदी लहान उशीर काही सेकंदांचा असतो. फोनवरच्या कोणी शिवी दिली किंवा कोणाची बदनामी केली, तर ती हवेत जाण्याआधी बटण दाबून गाळता यावी म्हणून तो ठेवतात. या चौघांना एकाच पोत्यात भरून ‘थेट बरे की मुद्रित बरे’ असा वाद घातला की तो कुठेच पोचत नाही. माझे म्हणणे असे, की उशीर होण्यात गैर काही नाही, तो श्रोत्यापासून लपवण्यात आहे. कोणत्या बोलण्याला किती उशीर चालेल हे केंद्राच्या वेळापत्रकावरून ठरवू नये. ते ऐकून माणसाला काही करायचे असते का, आणि असल्यास किती वेळात, यावरून ठरवावे.

थेट प्रसारणाला एवढा मान कुठून आला, हे पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत १९३० आणि ४०च्या दशकांत मोठ्या रेडिओ जाळ्यांनी मुद्रित कार्यक्रम जवळपास वर्ज्य केले होते. देशभर एकाच क्षणी पोचणारा जिवंत आवाज हेच त्यांचे भांडवल होते. तबकडी काय, कोणीही लहान केंद्र वाजवू शकत होते. पण त्या देशाच्या पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांच्या घड्याळांत तीन तासांचे अंतर आहे. मग गायक, नट, वादक मंडळी संध्याकाळी पूर्वेसाठी एकदा आणि काही तासांनी पश्चिमेसाठी पुन्हा, असा तोच कार्यक्रम दोनदा करीत. या हमालीला कंटाळलेल्या बिंग क्रॉस्बी या लोकप्रिय गायकाने १९४६च्या ऑक्टोबरात एबीसीवर आपला कार्यक्रम तबकड्यांवर मुद्रित करून देण्याची अट मान्य करून घेतली आणि पुढच्याच वर्षी तो चुंबकीय फितीवर गेला. आकाश कोसळले नाही. श्रोत्यांनी तक्रार केली ती आवाजाच्या प्रतीबद्दल, उशिराबद्दल फारशी नाही. पुढे १९८७मध्ये दोन्ही बाजू मांडण्याची सक्ती तिथे उठली, १९८८च्या ऑगस्टपासून रश लिंबॉ यांचा राजकीय गप्पांचा कार्यक्रम देशभरच्या केंद्रांवर जाऊ लागला, आणि जुना प्रश्न नव्या रूपात उभा राहिला. पूर्वेची दुपार ही पश्चिमेची सकाळ. तिथल्या केंद्राने तो थेट घ्यावा की गिऱ्हाईक जास्त असेल त्या वेळी लावावा? उशिराने लावला तर निवेदक मोठ्या उत्साहाने फोन क्रमांक सांगत असतो आणि स्टुडिओत दिवे मालवलेले असतात.

आपल्याकडे ही अडचण नाही. अरुणाचलपासून कच्छपर्यंत घड्याळ एकच आहे, त्यामुळे भारतात उशिराची कारणे भूगोलाची नाहीत. ती भाषेची आहेत, म्हणजे दिल्लीचे बोलणे मराठीत यायला वेळ लागतो. ती तंत्राची होती. आणि काही प्रमाणात सावधपणाची आहेत, त्याबद्दल पुढे. तंत्राची गोष्ट तर आपल्या आवडत्या कार्यक्रमांच्या इतिहासातच आहे. १९५२च्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली, तेव्हा अमीन सयानी मुंबईत बोलत, फिती विमानाने कोलंबोला जात आणि बुधवारी संध्याकाळी तिथून साऱ्या उपखंडात ऐकू येत. १९५७च्या ३ ऑक्टोबरला सुरू झालेल्या विविध भारतीचेही कित्येक कार्यक्रम फितींच्या प्रती काढून निरनिराळ्या केंद्रांना पाठवले जात. उपग्रहाने सर्वांना एकाच वेळी जोडले ते बरेच नंतर. तरीही गीतमालेइतका ‘ताजा’ कार्यक्रम त्या काळात दुसरा नसेल. बुधवारी बाजारपेठेतून चालताना प्रत्येक दुकानातून तोच आवाज येई, असे जुन्या पिढीचे लोक सांगतात. म्हणजे लोकांना हवे होते ते सर्वांनी एका वेळी ऐकणे. बोलणाराही त्याच वेळी बोलत असला पाहिजे, हा हट्ट कोणाचा नव्हता. या दोन गोष्टींची आपण सतत गल्लत करतो. क्रिकेटच्या सामन्यात दोन्ही लागतात, बाळ ज. पंडितांचे मराठी समालोचन दुसऱ्या दिवशी ऐकवले असते तर त्यातला जीवच गेला असता. गाण्यांच्या क्रमवारीत फक्त पहिली पुरते. आणि भाताच्या रोगावरच्या व्याख्यानात कित्येकदा दोन्हींची गरज नसते.

उशीर उपकारक ठरल्याचे सर्वांत ठोस उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे, आणि त्याची आठवण आज फार थोड्यांना आहे. १९५६मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने ग्रामीण श्रोता मंडळांचा प्रयोग केला. तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पाच मराठी जिल्ह्यांतली १५० गावे त्यासाठी निवडली होती. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकूण वीस. प्रत्येक गावी वीसेक जणांचे मंडळ जमून ऐके आणि रेडिओ बंद करून त्यावर चर्चा करी. चर्चेतून निघालेले प्रश्न, शंका, हरकती पत्राने पुण्याला जात आणि त्यांची उत्तरे पुढच्या एखाद्या कार्यक्रमात मिळत. समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूराथ यांनी या प्रयोगाचे मोजमाप केले. जगदीशचंद्र माथुर यांच्यासह लिहिलेला त्यांचा अहवाल युनेस्कोने १९५९मध्ये प्रसिद्ध केला. मंडळे असलेल्या गावांत लोकांच्या माहितीत पडलेली भर नुसता रेडिओ असलेल्या किंवा रेडिओच नसलेल्या गावांपेक्षा कितीतरी जास्त होती. त्याच वर्षापासून ही योजना देशभर नेण्याचे ठरले. आजच्या भाषेत हा फोन-इन कार्यक्रमच होता, फक्त प्रश्न आणि उत्तर यांच्यात काही दिवसांचे अंतर होते. ते अंतर कोणाला बोचले नाही, कारण ते सर्वांना माहीत होते आणि त्या दिवसांत गावाला विचार करायला मिळत होता. थेट फोनवर वीस सेकंदांत प्रश्न विचारणाऱ्याला ती सवड नसते. तो बहुधा नमस्कार, गावाचे नाव आणि ‘कार्यक्रम फार छान वाटतो’ यातच संपतो.

आता लाखनीकडे येऊ, म्हणजे तत्त्व जमिनीवर तपासता येईल. हा धानाचा तालुका. जुलैत रोवणी सुरू झाली की घरातली सगळी माणसे पहाटेपासून बांधीत असतात. शेतीपंपाची वीज कधी दिवसपाळीला, कधी रात्रपाळीला. ती आली की रेडिओ सोडून उठावे लागते. अशा ठिकाणी अमुक वाजता थेट लागणारा उत्तम कार्यक्रम ज्यांच्यासाठी आहे नेमक्या त्यांनाच चुकतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात धानावर तुडतुडा कसा ओळखायचा, बांधीतले पाणी कधी काढायचे, हे साकोलीच्या कृषी विज्ञान केंद्रातल्या तज्ज्ञाने सकाळी सांगितले काय आणि तेच मुद्रण संध्याकाळी, पुन्हा दोन दिवसांनी लावले काय, त्याच्या उपयोगात फरक पडत नाही. उलट तीनदा लागले तर तीन वेगळी घरे ऐकतील. पण तोच सल्ला नोव्हेंबरात, कापणी चालू असताना लागला तर निरुपयोगी, आणि पुढच्या हंगामात, मधल्या काळात एखाद्या कीटकनाशकावर बंदी आलेली असताना, जुन्याच रूपात लागला तर अपायकारक. त्यात तारीख नसेल तर ऐकणाऱ्याला हे कळणार कसे?

हवामानाचे उदाहरण तर आणखी स्पष्ट आहे. भारतीय हवामानशास्त्र विभागाचे कृषी सल्ला पत्रक मंगळवारी आणि शुक्रवारी निघते आणि त्यातला अंदाज पाच दिवसांचा असतो. याच विभागाचा विजा, वादळ, गारपीट यांचा तातडीचा इशारा जेमतेम तीन तास लागू असतो. पहिला कार्यक्रम संध्याकाळी पुन्हा लावणे हे पुण्य आहे. दुसऱ्याचे पुनःप्रसारण धोकादायक आहे, कारण दुपारी दोनचा इशारा सहाला ऐकून माणूस एक तर उगाच घरात बसेल किंवा, जास्त वाईट म्हणजे, पुढच्या वेळी त्यावर विश्वास ठेवणार नाही. २०२०च्या ऑगस्टअखेर मध्य प्रदेशातल्या संजय सरोवर धरणातून पाणी सुटले आणि वैनगंगेच्या पुराने भंडारा-पवनी भागात हाहाकार केला. तशा वेळी विसर्गाचा आकडा सकाळचा की रात्रीचा, यावर गोठ्यातली जनावरे सोडायची की नाही हे ठरते. अशा बातमीला अर्ध्या तासाचा उशीरही महाग पडतो, आणि आधी मुद्रित केलेला कार्यक्रम कितीही सुंदर असला तरी तो मध्येच तोडून इशारा देता येईल अशी माणसे केंद्रावर हजर असायला हवीत. थेट प्रसारणाची खरी किंमत इथे आहे. संगणकावर दिवसभराची यादी लावून कुलूप घालून गेलेले केंद्र, मग त्यावर काय वाजते आहे हा प्रश्नच गौण, पुराच्या रात्री कामाचे नाही.

धानाच्या आधारभूत खरेदीचेही तेच. नाव नोंदणीची मुदत, कोणती कागदपत्रे, कोणते केंद्र सुरू झाले, ही माहिती दर काही दिवसांनी बदलते. त्यावर अधिकाऱ्यांशी केलेली बातचीत मुद्रित असायला हरकत नाही, पण ती मुद्रित झाल्यावर मुदत वाढली असेल तर मुद्रणाला ते ठाऊक नसते. मुद्रित बोलण्याचा हाच मूळ दुबळेपणा आहे: नंतर घडलेले त्याला कळत नाही. निवडणुकीच्या काळात हा दुबळेपणा कायद्याच्या कचाट्यात सापडतो. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६ नुसार मतदान संपण्यापूर्वीच्या ४८ तासांत प्रचाराचा मजकूर प्रसारित करता येत नाही. चार दिवसांपूर्वी निर्दोष असलेली मुलाखत त्या दोन दिवसांत लागली की तीच आक्षेपार्ह ठरू शकते. त्यातला एक शब्दही बदललेला नसतो, बदललेली असते ती वेळ.

आता हरकती. पहिली हरकत थेटचे कैवारी घेतात: मुद्रण म्हटले की कात्री आली, आणि सरकारी माध्यमात कात्री कोणाच्या हातात असते हे सांगायला नको. यात तथ्य आहे. आकाशवाणीवर भाषणे पूर्वापार लिहून, तपासून, बहुधा मुद्रित करूनच जात. निवडणुकीच्या वेळी पक्षांना मिळणाऱ्या प्रक्षेपणाचा मजकूरही आधी तपासला जातो. १९९५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगितले आणि प्रसार भारतीचा कायदा १९९७मध्ये अमलात आला, तरी जुनी सवय सुटायला वेळ लागतो. मात्र या हरकतीचा रोख उशिरावर नाही, कापाकापीवर आहे. कापायचेच असेल तर थेट कार्यक्रमातही ते होते, फक्त दारात होते: फोन उचलणारा सहकारी नाव, गाव, प्रश्न विचारतो आणि नको तो प्रश्न आतच जाऊ देत नाही. श्रोत्याला हे दिसतही नाही. मुद्रित कार्यक्रमाचे निदान मूळ मुद्रण शिल्लक असते, मागाहून ताडून पाहता येते. म्हणून मागणी करायची ती ‘संक्षिप्त’ केलेल्या कार्यक्रमाला तसे म्हणण्याची आणि मूळ मुद्रण जपण्याची.

दुसरी हरकत केंद्रांकडून येते आणि ती व्यवहारी आहे. कार्यक्रम जुना आहे असे सांगितले तर ऐकणार कोण? जाहिरातदार काय म्हणेल? याला उत्तर म्हणून दोन नियम दाखवता येतात. अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाचा नियमच आहे, की ज्या मजकुरात वेळेला विशेष महत्त्व आहे, किंवा जो आत्ता घडतो आहे असा भास मुद्दाम निर्माण केला आहे, तो मुद्रित असल्याचे सांगितलेच पाहिजे. संगीताला, नाटकाला ही सक्ती नाही, आणि माझ्या मते तीच योग्य रेषा आहे. दुसरा नियम आपल्या घरचा. खासगी एफएम केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही. २०१९च्या जानेवारीत सरकारने त्यांना आकाशवाणीची बातमीपत्रे विनामूल्य घेऊ दिली, प्रथम ३१ मेपर्यंत चाचणी म्हणून. अटी अशा, की बातमीपत्र जसेच्या तसे द्यायचे, आकाशवाणीचे श्रेय सांगायचे आणि ते एकाच वेळी द्यायचे. उशीर करायचाच तर तीस मिनिटांपेक्षा जास्त नाही, आणि उशिराने देत असल्याचे प्रसारणातच सांगायचे. म्हणजे तत्त्व सरकारला मान्य आहे. ते फक्त बातम्यांना आणि फक्त दुसऱ्यांच्या केंद्रांना लावले आहे, एवढीच खोट. श्रोते पळतात ही भीती तर विविध भारतीच्या ‘हॅलो फर्माइश’ने केव्हाच खोटी ठरवली. तिथे फोनवरच्या फर्माइशी मुद्रित होऊन नंतर वाजतात, फोन कधी लावायचा ते वेगळे सांगितले जाते, आणि तरी लोक फोन लावतात. फसवल्याची भावना तिथे येते, जिथे मुद्रित कार्यक्रमात ‘आत्ताच फोन करा’ असे ऐकून माणूस अर्धा तास क्रमांक फिरवीत बसतो.

तिसरी हरकत तरुण मंडळींची: आता सारे मोबाइलवर आहे, हवे तेव्हा ऐका, हा वाद कालबाह्य झाला. काही अंशी खरे. पण मोबाइलवरच्या ध्वनिफितीखाली तारीख लिहिलेली असते. म्हणजे त्या माध्यमाने हा प्रश्न न बोलता सोडवला, रेडिओने सोडवला नाही. शिवाय मोबाइलवरचे ‘थेट’ही पुरते थेट नसते. न्यूज ऑन एअर या अॅपवर आकाशवाणीचा प्रवाह साध्या संचाच्या मागे रेंगाळतो, आणि दोन्ही शेजारी ठेवले तर एकच वाक्य दोनदा ऐकू येते. बातम्यांना ते चालून जाते. त्या अॅपवर घड्याळ लावू नये, एवढे मात्र खरे.

राहिली सामुदायिक रेडिओची अडचण, आणि मला ती सर्वांत रास्त वाटते. २००६च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांना अशी केंद्रे काढता आली. म्हसवडच्या माणदेशी तरंग वाहिनीसारखी उदाहरणे महाराष्ट्रात आहेत. शंभर वॉटची मर्यादा, काही किलोमीटरचा टापू, हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसे आणि निम्मा तरी कार्यक्रम स्थानिक सहभागातून करण्याची अट. लाखनी-साकोली भागात असे केंद्र उद्या निघाले, तर उरलेला निम्मा वेळ ते बाहेरून आलेल्या मुद्रित कार्यक्रमांनीच भरणार, आणि त्याने तसेच करावे. रोज सहा तास थेट बोलायला त्यांनी माणसे आणायची कुठून? त्यांच्याकडून अपेक्षा दोनच. कार्यक्रम कोठून आला आणि कोणत्या तारखेला मुद्रित झाला हे सुरुवातीला आणि मध्ये एकदा सांगावे, आणि इशारा आला तर वाजणारे काहीही थांबवण्याचा अधिकार रात्रपाळीच्या माणसाला, वर फोन न करता, असावा. दुसरी अपेक्षा जड आहे, कारण तिला माणूस लागतो. पहिलीला काही सेकंद पुरतात, आणि कृषी सल्ल्याच्या पत्रकावर तर ती तारीख आणि अंदाजाचे पाच दिवस आधीच छापलेले असतात. मजकुराला हात घालण्याआधी निवेदकाने ती ओळ वाचायची.